प्रतिसाद : पाळीत गर्भ राहतच नाही?

वर कुणीतरी 'पाळीच्या दिवसांत संबंध आले तर दिवस जात नाहीत' असं ठामपणे लिहिलंय. कृपया यावर विसंबू नका. शक्यता कमी असते, शून्य नसते. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. ज्यांचं चक्र २१ दिवसांचं आहे त्यांच्यात ते सातव्या दिवसाच्या आसपासच सुटू शकतं आणि शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहतात. मग पाचव्या दिवशीचा संबंधही पुरेसा ठरतो. शिवाय दोन पाळ्यांच्या मधल्याच रक्तस्रावाला पाळी समजण्याची चूक होते, ती वेगळीच.

विटाळाचं म्हणाल तर, ते रक्त गर्भाशयाच्या अस्तराचं असतं, त्यात विषारी काही नसतं. पुरुषाला त्यानं आजार जडतो, ही निव्वळ भीती. मात्र दोघांपैकी कुणाला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तर रक्तामुळे संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून निरोध हवाच. योनीत ठेवलेला टॅम्पॉन (रक्त शोषणारा बोळा) किंवा पाळीचा कप संबंधाआधी काढायला विसरू नये.

काहींना परमोच्च सुखानंतर पोटातल्या कळा कमी झाल्यासारख्या वाटतात, काहींना त्या दिवसांत स्पर्शही नकोसा होतो. दोन्ही स्वाभाविकच. पण 'वैद्यकशास्त्रानुसार पाळीत संबंध चालतात' म्हणून बायकोच्या मागे लागणं मला अजिबात पटत नाही. तिचं 'नको' पुरेसं आहे, कारण विचारायचीही गरज नाही. आणि संबंधाच्या वेळी दरवेळी तीव्र दुखत असेल तर अंगावर न काढता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.