"सिस्टीम कुठलीही चालते, डीएम चांगला हवा": साफ नामंजूर

फासेवाला:
टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांबद्दल परवा इथे एकांनी लिहिलं, "नियम कुठलेही घ्या, डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) चांगला असला की खेळ रंगतोच. सिस्टीमवरून भांडणारे खेळत नाहीत, पुस्तकं जमवतात." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२०१४ ला फाइव्ह-ई (डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती) आली तेव्हापासून मी तीच चालवत होतो. २०२३ च्या जानेवारीत इतरांना तिचे नियम वापरू देणाऱ्या लायसन्सचा गोंधळ झाला आणि आमच्या टेबलाने पाथफाइंडर टू-ई (दुसऱ्या कंपनीचा तसाच खेळ, दुसरी आवृत्ती) उचललं. डीएम तोच, माणसं तीच. खेळ मात्र पार बदलला.

फाइव्ह-ईत आमचा फायटर (योद्धा) हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) शून्यावर येऊन बेशुद्ध पडायचा, क्लेरिक (पुरोहित) त्याच टर्नमधल्या छोट्या बोनस अ‍ॅक्शनमध्ये हीलिंग वर्ड हा बरं करायचा मंत्र टाकायचा, की गडी उठून पहिल्याइतक्याच जोरात तलवार चालवायला मोकळा. एका लढाईत तो चार वेळा पडला. चौथ्या वेळी कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पाथफाइंडरमध्ये उठलात की वून्डेड १ (जखमांचा आकडा) चिकटतं, पुढच्या वेळी पडलात की डाइंग (मरणाकडे नेणारा आकडा) थेट २ पासून सुरू, ४ झाले की संपलं. वून्डेड २ असताना तोच पोरगा पत्रक हातात धरून कितीतरी वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मी मागे सरकतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! हे मी घडवलं नाही, नियमाने घडवलं.

जुना मांत्रिक:
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या आवृत्त्यांत वार लागला का ते थॅको नावाच्या आकड्यातून वजाबाकी करून काढायचे, तेव्हापासून खेळतोय, नियमांनी मारलेले प्रसंग भरपूर पाहिलेत. थ्री-पॉइंट-फाइव्ह आवृत्तीत आमच्या रोगने (चोर-पात्राने) मंत्र म्हणणाऱ्या जादूगाराचं तोंड दाबायला झेप घेतली. सगळे श्वास रोखून. मग निघालं पुस्तक. आधी अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी (समोरच्याचा फुकटचा वार), मग टच अटॅक (नुसता स्पर्श साधायचा फासा), मग ग्रॅपल चेक (झटापटीचा फासा), आणि पिन केल्याशिवाय (जखडल्याशिवाय) तोंड दाबता येत नाही म्हणे! पंचवीस मिनिटं गेली. त्या कॅम्पेनमधला (अनेक सेशन चालणाऱ्या कथेतला) सगळ्यात भारी क्षण पानं उलटण्यात मेला. तेव्हापासून मी नियमांपेक्षा टेबलाकडे बघतो. गरज पडली तर डीएमसमोरच्या पडद्यामागे टाकलेल्या फाशाचा आकडाही बदलून सांगतो. आजवर कुणाचं काही बिघडलं नाही.

उघडा डाव:
थांबा. फासा बदलता, आणि ते अभिमानाने सांगता?

माझी विझार्ड (जादूगार) ३ हिट पॉइंटवर उभी होती, बाकी सगळे आडवे. डीएमने पडद्यामागे फासा टाकला, क्षणभर थांबला, म्हणाला, "हुकला." पुढच्या टर्नला मी राक्षसाला संपवलं. तो प्रसंग मी कित्येकांना रंगवून सांगितला. आठ महिन्यांनी, कॅम्पेन संपल्यावर, त्याने हसत सांगितलं की तेव्हा नॅचरल ट्वेंटी (फाशावर थेट २०, हमखास लागणारा वार) पडला होता. त्या दिवसापासून तो विजय माझा राहिला नाही. बिघडलं नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? त्यांना कळलं नाही, एवढंच.

तीन षटकोनी:
मूळ दुखणं या खेळांतल्या वीस पैलूंच्या फाशात आहे, हे मी कधीपासून सांगतोय. त्यात १ काय आणि २० काय, प्रत्येकाची शक्यता ५ टक्केच. कसलेला योद्धाही सरासरी वीसात एकदा तोंडावर आपटणार. गर्प्स या खेळासारखे सहा पैलूंचे तीन फासे टाका: १० किंवा ११ पडायची शक्यता २५ टक्के, तिन्ही एक्के २१६ मध्ये एकदाच. फासा माणसासारखा वागला तर तो बदलावासा वाटणारच नाही.

सात ते नऊ:
डंजन वर्ल्ड हा खेळ चालवा, डीएमला फासा टाकावाच लागत नाही. खेळाडूच सहा पैलूंचे दोन फासे टाकतो. १० किंवा वर काम फत्ते, ७ ते ९ ला काम होतं पण किंमत मोजून. बेरजेत +२ मिळत असेल तर पूर्ण फसायची (६ किंवा कमी) शक्यता ३६ मध्ये फक्त ६. आणि फसलात तर एक्सपी (अनुभवाचा गुण) मिळतो!

उघडा डाव:
७ ते ९ ची किंमत ठरवतं कोण? डीएमच ना? लाडक्याला हलकी किंमत लावली तर ते कुठल्या फाशात दिसणार?

जुना मांत्रिक:
मला खोटारडा ठरवण्याआधी हे ऐका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेकंड एडिशनमध्ये पहिल्या लेव्हलच्या विझार्डला चार पैलूंच्या फाशावर पडतील तितकेच हिट पॉइंट. एक मुलगा पहिल्यांदाच खेळायला आला. पात्राची तीन पानं गोष्ट लिहून आणली होती. दहाव्या मिनिटाला गोब्लिनचा बाण लागला आणि पात्र मेलं. मी फासा उघडा टाकला होता, अगदी प्रामाणिकपणे. तो कागदांची घडी करून बसून राहिला. पुन्हा कधी आला नाही. त्यानंतर मी पडदा आणला. तुम्हाला तुमचा विजय गेल्याचं वाईट वाटतं, माझा तर माणूस गेला.

उघडा डाव:
त्या मुलाचं खरंच वाईट वाटलं. पण मग खेळ सुरू होण्याआधीच सांगायचं, "आज कुणी मरणार नाही." ते मला चालेल. फासा टाकायचा आणि खोटा आकडा सांगायचा, हे नाही चालणार.

फासेवाला:
धागा भलतीकडे गेला, पण उत्तर सिस्टीममध्येच आहे. पाथफाइंडरमध्ये प्रत्येकाला सेशनच्या सुरुवातीला एक हीरो पॉइंट मिळतो. मरायची वेळ आली की हातातले सगळे हीरो पॉइंट टाकून वाचता येतं. बेशुद्ध पडून राहाल, पण मरणार नाही. मांत्रिकसाहेब पडद्याआड करतात तेच, पण उघड्यावर आणि खेळाडूच्या हाताने. आणि ग्रॅपल म्हणाल तर अ‍ॅथलेटिक्सचा एक रोल, समोर गाठायला फॉर्टिट्यूड डीसी (शत्रूच्या चिवटपणाचा आकडा). संपलं.

जुना मांत्रिक:
तुमच्या पाथफाइंडरच्या ६४० पानांच्या पुस्तकातून तो एक रोल शोधायला किती वेळ लागतो?

फासेवाला:
पहिले दोन महिने फार लागला. ते मान्य.

जुना मांत्रिक:
मग हीरो पॉइंटचं मीही मान्य करतो, तेवढंच. मूळ मुद्दा सोडलेला नाही. पुढच्या सेशनला दोन नवे खेळाडू येताहेत. पडदा राहील. पॉइंट देईन, आणि ते संपले की फासा पडेल तसा.

उघडा डाव:
"संपले की" हे त्यांना पहिल्या रोलच्या आधी सांगा.