ग्रीन कार्डची लाइन भारतीयांचीच एवढी लांब काहून? हा नियम आला कुठून?

प्रतापनगरकर
नमस्कार मंडळी. माझी ताई आणि भाऊजी २०१३ पासून अमेरिकेत डॅलसला आहेत, एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आणि ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) लाइनीत. भाऊजींची प्रायॉरिटी डेट, म्हणजे लाइनीत नंबर लागल्याची तारीख, २०१५ ची, ईबी-टू मध्ये (उच्चशिक्षितांचा नोकरीवाला गट). दर महिन्याला नवं व्हिसा बुलेटिन (कोणत्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक) आलं की आई मला मोबाइलवर बघायला लावते आणि त्यातली तारीख पेन्सिलने कालनिर्णयवर लिहून ठेवते. मागच्या पाच वर्षांची कालनिर्णयं तिने फेकली नाहीत, खिळ्याला एकावर एक टांगून आहेत, कधीकधी मागची पानं उलटून बघत बसते की तारीख किती सरकली. भाऊजींच्या ऑफिसात ब्राझीलचा एक जण त्यांच्या नंतर आला आणि त्याला कार्ड मिळूनही गेलं. भाची इथंच नागपुरात धंतोलीत जन्मली, आता १९ ची झाली, २१ ची झाली की ती आईबापाच्या अर्जातून बाहेर. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की हे भारतीयांसाठी मुद्दाम केलंय का आणि कधीपासून?

बर्डीवाला
भाऊ, मुद्दाम म्हणाल तर आधी होतं, तेही कायद्यात सरळ लिहून. अमेरिकेच्या १७९० च्या पहिल्याच कायद्यात नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला मिळेल असं होतं. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी केली आणि १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टाच बंद करून टाकला, त्यात आपण आलो. १९२३ ची भगतसिंग थिंद यांची अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली केस जरूर वाचा. पंजाबचा माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला. तीनच महिन्यांआधी त्याच कोर्टाने एका जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा आणि तू तो नाहीस. थिंद म्हणाले, तेव्हाचे वंशशास्त्रवाले मला कॉकेशियनच मानतात. तर कोर्ट म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, साधा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. या निकालानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व आधीच मिळालं होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचंही काढून घेतलं. वैष्णोदास बगाई म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे एक दुकानदार होते, बायको आणि तीन मुलांना घेऊन १९१५ ला तिथे गेलेले. नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, भारतात यायला अमेरिकन पासपोर्टही नाही मिळाला, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मला ही गोष्ट वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

मग १९२४ चा कोटा आला, १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जेवढे लोक त्यांच्या २ टक्के, म्हणजे इटली-पोलंडची माणसं मोठ्या संख्येने यायच्या आधीची जनगणना धरली. भारतासाठी दार उघडलं ते १९४६ मध्ये, वर्षाला १०० माणसं. शंभर!

आता तुम्ही विचारलेला नियम, म्हणजे एका देशाच्या लोकांना वर्षाच्या कार्डांपैकी ७ टक्क्यांच्या वर नाही. १९६५ मध्ये मूळ देशाप्रमाणे कोटा रद्द केला आणि ठरलं की पूर्व गोलार्धातल्या सगळ्या देशांना सारखं, कोणत्याही देशाला वर्षाला २०,००० च्या वर नाही; पश्चिम गोलार्धाला ही मर्यादा १९७६ मध्ये लागली. तेव्हा ही समानताच होती हो, आणि कायदा आणणाऱ्यांना वाटत होतं की येतील ते युरोपातलेच जास्त. १९९० च्या कायद्यात २०,००० ऐवजी एकूण कार्डांच्या ७ टक्के अशी मर्यादा झाली आणि नोकरीवाल्या कार्डांची संख्या १,४०,००० ठरली, बायकामुलं धरून. भारताची लोकसंख्या कुठे आणि आइसलँडची कुठे, पण मर्यादा एकच. त्यामुळे आज कोणी भारतीयांवर डूख धरून बसलंय असं मला वाटत नाही, सारख्या मापाचा नियम आहे आणि तो आपल्याला लागून राहिला.

मेडिकल_८८
१९६५ ला नावं नका ठेवू, त्याच कायद्याने माझे मामा गेले. आपल्या नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस, १९७१ ला डेट्रॉइट. तेव्हा डॉक्टर-इंजिनिअरला वेगळी पसंती होती, मामांना काही महिन्यांत ग्रीन कार्ड मिळालं. आजी सांगायची की स्टेशनवर सोडायला अर्धी महाल वस्ती आली होती.
आणि जुन्या काळाचं निघालंच आहे तर आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसरू नका. १९१७ च्या बंदीच्या आधी अमेरिकेत गेले, गदर या क्रांतिकारी पक्षाचं काम केलं, पुढे मेक्सिकोत मका-गव्हावर संशोधन. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. शेवटी नागपुरातच वारले, १९६७ ला. इथल्या पोरांना नावही माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

ट्रिमूर्ती_नगर
मला तरी देशाची मर्यादा बरोबर वाटते. नाही तर सगळी कार्डं दोन देशांनाच जातील आणि नेपाळ-घानाच्या माणसाने काय करायचं? चूक १,४०,००० च्या आकड्यात आहे, १९९० चा आकडा आजही तोच ठेवला.

बर्डीवाला
आकड्याचं पटलं. पण दहा-दहा वर्षं टॅक्स भरणाऱ्या माणसाला जन्म कुठे झाला यावरून थांबवणं मला नाही पटत. पासपोर्टही नाही बघत, जन्मदेशच बघतात.

एफवन_ते_जीसी
प्रतापनगरकर, दोन कामाच्या गोष्टी. एक, ताईचा जन्म भारताबाहेर झाला असेल तर तिच्या जन्मदेशाच्या लाइनीत दोघांनाही लागता येतं. दोन, भाचीचं वय सरळ मोजत नाहीत. २००२ च्या कायद्याने आय-१४० अर्ज (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) जेवढे दिवस पेंडिंग होता तेवढे दिवस वयातून वजा होतात. पण ज्यांनी जास्तीची फी भरून प्रीमियम केलं, म्हणजे अर्ज लवकर निकाली काढून घेतला, त्यांचे वजा होणारे दिवसही कमीच. आय-१४० मंजुरीची नोटीस शोधून तारखा बघा आणि वकिलाला दाखवा.

प्रतापनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई तर डागा हॉस्पिटलमध्ये जन्मलेली, ते जमणार नाही. काल रात्री तिने फाइल काढली, भाऊजींच्या कंपनीने प्रीमियमच केलं होतं, नऊ दिवसांत मंजूर. म्हणजे वयातून नऊच दिवस वजा. भाचीच्या एफ-वनची (विद्यार्थी व्हिसाची) चौकशी सुरू कर म्हणून ताईला सांगितलं. आईला अजून नाही सांगितलं.