जर्मनी: भाड्याच्या घराचं हीटिंगचं बिल ६७० युरोंनी वाढलं. भरावं का? आणि सासूबाई जानेवारीत येताहेत

नेकारकाठ (एसलिंगन)

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ एसलिंगनला भाड्याने राहतो. ६८ चौरस मीटर, तीन खोल्या, साठच्या दशकातली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा अगदी कोपऱ्यातला फ्लॅट. मी, नवरा आणि साडेतीन वर्षांची लेक. गेल्या आठवड्यात २०२४ सालचा नेबेनकोस्टनचा (भाड्यावरच्या जादा खर्चांचा) हिशोब आला. ६७० युरो जास्तीचे भरा म्हणतात, आणि जानेवारीपासून दरमहा ६० युरो वाढवून मागितलेत. लेकीच्या किटाची (बालवाडीची) फी आहे, तिकिटं नुकतीच काढलीत. अशात हे ६७० एकरकमी काढणं आम्हाला जड जातंय.

आकडे देते. हीटिंग आणि गरम पाणी मिळून आमच्या वाट्याला १,६४० युरो आलेत. त्यापोटी आम्ही दरमहा ९० प्रमाणे १,०८० आधीच भरले होते, म्हणजे ५६० इथेच कमी पडले. बाकीचे ११० पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरेचे. हीटिंगची वाटणी ७० टक्के वापरावर आणि ३० टक्के क्षेत्रफळावर केली आहे. गॅसचं सेंट्रल हीटिंग आहे.

आमच्या खालच्याच मजल्यावरच्या मधल्या फ्लॅटमधल्या बाईंना फक्त १४० युरो आलेत. घर जवळजवळ तेवढंच. हे कसं?

दुसरं, उत्तरेकडच्या बेडरूममध्ये कपाटामागे काळी बुरशी धरते. घरमालकांच्या व्यवस्थापन कंपनीचं म्हणणं, तुम्ही खिडक्या उघडत नाही. खिडक्या उघडल्या की पैसे देऊन केलेली ऊब बाहेर जाते. मग माणसाने करायचं काय?

आणि मुख्य गोष्ट. सासूबाई जानेवारीत वाईहून येताहेत, पहिल्यांदाच. त्यांचे गुडघे दुखतात. बिल वाचवण्यासाठी त्यांना किंवा लेकीला कुडकुडत बसवणं मला मान्य नाही. तेव्हा "हीटर बंद करा, दोन स्वेटर घाला" हा सल्ला कृपया देऊ नका, तो ऑफिसात रोज मिळतोय. नवरा म्हणतो त्यांच्या खोलीत विजेचा छोटा हीटर आणू. आणावा का?

कोल्हापूरकर_हॅम्बुर्ग

ताई, विजेचा हीटर अजिबात आणू नका. साधा हिशोब बघा. तो २,००० वॅटचा असतो. संध्याकाळचे पाच तास चालला की १० युनिट. ३५ सेंटचा दर धरला तर दिवसाला साडेतीन युरो, महिन्याला शंभराच्या वर, तेही एका खोलीचे. गॅसची ऊब साधारण त्याच्या एक तृतीयांश दरात पडते. विजेचं बिल वेगळं येतं, त्यामुळे हीटिंगचा आकडा खाली आलेला दिसेल आणि एकूण खर्च मात्र वाढलेला असेल.

त्याऐवजी आईंसाठी विजेवर गरम होणारं अंथरूण घ्या, गादीवर चादरीखाली घालायचं. १०० वॅटच्या आसपास खातं, रात्रभराचा खर्च २५-३० सेंट. आपोआप बंद होणारं घ्या. वर आपली गोधडी. वाईहून येताना त्यांनाच एक आणायला सांगा, इथल्या डुवेटपेक्षा अंगाला जास्त बरी लागते.

श्वाबेनवासी

नेकारकाठ, मी या भागात बरीच वर्षं भाड्याने राहतोय आणि ओळखीच्यांची अशी बिलं वाचून देतो. तुझ्या आकड्यांवरून सांगतो.

आधी २०२४ मध्येच हे का उसळलं ते. गॅसदरावर सरकारने घातलेली मर्यादा ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. गॅसवरचा व्हॅट ७ टक्क्यांवर आणला होता, तो १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा १९ झाला. आणि कार्बनचा आकार, म्हणजे गॅस जाळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर घेतले जाणारे पैसे, टनाला ३० युरोंवरून ४५ झाला. २०२५ साठी तो ५५ झाला. म्हणजे तुम्ही घर पूर्वीइतकंच तापवलं असेल तरी बिल वाढणारच होतं. हे लेकीच्या वडिलांनाही वाचून दाखव, घरात उगाच एकमेकांवर ठपका नको.

आता भरायचं का. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत बिल तुझ्या हाती पडलं पाहिजे. २०२४ चं बिल ३१ डिसेंबर २०२५ च्या आत आलंय, त्यामुळे मुदतीचा मुद्दा आपल्याकडे नाही. पण बिल मिळाल्यापासून पुढचे १२ महिने तुला हरकत घेता येते. तेव्हा घाबरून गप्प बसू नकोस आणि रागाने पैसेही अडवू नकोस. पैसे भर, पण सोबत लेखी कळव की हक्क राखून भरतेय, जर्मनमध्ये "उंटर फोरबेहाल्ट". आणि मूळ पावत्या बघायला माग. तो भाडेकरूचा हक्क आहे. पावत्यांत दोन गोष्टी शोध: बॉयलरची दुरुस्ती आणि व्यवस्थापनाचा खर्च. बॉयलरची नेहमीची देखभाल तुमच्यावर टाकता येते, दुरुस्ती येत नाही. व्यवस्थापनाचा खर्चही नाही.

आजच करण्यासारखं काम वेगळंच आहे. प्रत्येक रेडिएटरवर पांढरं छोटं मोजयंत्र असतं ना? बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात, त्यातला एक ३१ डिसेंबर २०२४ चा साठवलेला आकडा असतो. तो बिलातल्या आकड्याशी जुळतो का बघ आणि फोटो काढून ठेव. या ३१ डिसेंबरनंतर तिथे नवा आकडा बसेल आणि तुझ्या हातातला पुरावा जाईल. बिलातलं क्षेत्रफळही भाडेकरारातल्याशी ताडून बघ.

मग कार्बनचा वाटा. १ जानेवारी २०२३ पासून कायदा आहे की कार्बनचा आकार घरमालक आणि भाडेकरू यांनी वाटून घ्यायचा. इमारत जितकी गळकी तितका मालकाचा वाटा मोठा. दर चौरस मीटरला वर्षाला १२ किलोपेक्षा कमी कार्बन असेल तर सगळा आकार भाडेकरूचा. ५२ किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ९५ टक्के मालकाचा. मधे पायऱ्या आहेत. ही विभागणी बिलात दाखवणं मालकावर बंधनकारक आहे. दाखवली नसेल तर हीटिंगच्या तुझ्या वाट्यातून ३ टक्के कापायचा हक्क तुला आहे. १,६४० वर ते ४९ युरो होतात. रक्कम छोटी वाटेल, पण ती तुझी आहे आणि दरवर्षीची आहे. बिलाच्या सगळ्या पानांत "त्सेओ-त्स्वाय" (CO2, म्हणजे कार्बन डायऑक्साइड) असं कुठे दिसतंय का ते नीट बघ.

खालच्या बाईंचं: मधल्या फ्लॅटला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते. तुमच्या दोन भिंती आणि बहुधा छतही थेट थंडीला लागून. कोपऱ्यातल्या घराला इथल्या नियमांत वेगळी सूट नाही. मला स्वतःला हे अन्यायाचं वाटतं, कारण भिंतीला इन्सुलेशन लावणं भाडेकरूच्या हातात नसतं आणि पैसे मात्र तोच भरतो. म्हणूनच कार्बनची ती विभागणी सोडू नये असं मी सगळ्यांना सांगतो.

६७० एकदम जमत नसतील तर हप्ते माग. मालकावर सक्ती नाही, पण तीन-चार हप्त्यांना बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. दरमहा ६० ची वाढ मात्र बरोबर दिसते, ६७० ला बाराने भागून बघ. ती दिलेलीच बरी, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हाच धक्का.

बर्लिनची_माहेरवाशीण

ज्यांच्या फ्लॅटमध्येच गॅसचा बॉयलर आहे आणि गॅसचा करार स्वतःच्या नावावर आहे त्यांच्यासाठी: कार्बनचा वाटा आपणहून घरमालकाकडे मागावा लागतो, गॅस कंपनीचं बिल आल्यापासून १२ महिन्यांत. मागितला नाही तर मिळत नाही. आमच्याकडे दोन ओळींच्या ईमेलवर पैसे आले. गॅस कंपन्यांच्या बिलांवर कार्बनचा आकडा छापलेला असतो.

आणि कोणी घर घेतल्यापासून कधी करारच निवडला नसेल तर तुम्ही "ग्रुंडफरझोर्गुंग"मध्ये, म्हणजे आपोआप लागू होणाऱ्या मूळ पुरवठ्यात असाल. तो दर बहुधा महाग असतो, आणि दोन आठवड्यांच्या सूचनेवर सोडता येतो.

अंजीरवाडी

ताई, बुरशीबद्दल मी लिहिते. माझी लेक अशाच बुरशीमुळे खोकल्याने आजारी असायची, म्हणून तळमळीने सांगते.

आपला स्वयंपाक म्हणजे वाफ. कुकरच्या शिट्ट्या, उकळणारी आमटी, भाताचं आधण, वर बाथरूममध्ये बादलीभर गरम पाणी आणि घरातच स्टँडवर वाळत घातलेले कपडे. ही सगळी वाफ घरातली सर्वांत थंड भिंत शोधते. तुमच्याकडे ती उत्तरेची बेडरूम आहे. तिथे रेडिएटर बंद ठेवून दार उघडं टाकलं तर दिवाणखान्यातली उबदार दमट हवा तिथे जाऊन भिंतीला पाणी सुटतं. म्हणून ती खोली वापरात नसली तरी १६-१७ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका आणि तिचं दार लावून घ्या. कपाट भिंतीपासून चांगलं हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. शक्य असेल तर ते बाहेरच्या भिंतीला ठेवूच नका, आतल्या भिंतीला लावा.

खिडकीचं असं. वरून तिरकी करून तासन् तास ठेवलेली खिडकी सगळ्यात महाग. हवा धड बदलत नाही, भिंत गार पडते, आणि खाली थर्मोस्टॅटला थंडी लागली की तो रेडिएटर पूर्ण सोडतो. त्यापेक्षा थर्मोस्टॅट बंद करा, खिडकी सताड उघडा, समोरच्या खोलीचीही उघडा, हिवाळ्यात पाच मिनिटं पुष्कळ, आणि मग लावून टाका. भिंती, फर्निचर गरमच राहतं, त्यामुळे आत आलेली कोरडी हवा लगेच तापते. सकाळी उठल्यावर, स्वयंपाकानंतर, अंघोळीनंतर आणि झोपताना. स्वयंपाक चालू असताना किचनचं दार बंद.

दहा-पंधरा युरोंत आर्द्रता मोजायचं यंत्र मिळतं, ते बेडरूममध्ये ठेवा. ४० ते ६० टक्क्यांच्या मधे हवं. रोजचे आकडे लिहून ठेवलेत तर "तुम्ही खिडक्या उघडत नाही" म्हणणाऱ्या कंपनीला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं. बुरशीचे फोटो तारखेसह लेखी पाठवा. फोनवर बोललेलं टिकत नाही.

कोल्हापूरकर_हॅम्बुर्ग

थर्मोस्टॅटबद्दल एक राहिलं. ३ म्हणजे साधारण २० अंश, ४ म्हणजे २४, ५ म्हणजे २८. आकडा वेगाचा नाही, कुठे थांबायचं त्याचा आहे. ५ वर ठेवून खोली लवकर तापत नाही, फक्त २० वर न थांबता पुढे जाते. एक अंश कमी केला की सुमारे ६ टक्के वाचतात असं इथे सगळीकडे धरतात. रेडिएटरवर पडदा किंवा समोर सोफा नको. गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा आहे, चौकोनी किल्लीने सोडता येते. पण सेंट्रल हीटिंग असल्याने हाउसमाइस्टरला (इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला) सांगूनच करा, पाण्याचा दाब कमी होतो.

नेकारकाठ (एसलिंगन)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री लेक झोपल्यावर दोघांनी बसून बिल वाचलं. कार्बनच्या विभागणीचा चारही पानांत उल्लेख नाही. यंत्रांवरचे आकडे जुळतात, फोटो काढले. क्षेत्रफळही बरोबर आहे. कपाट ओढलं, मागे बुरशी वाटली होती त्याहून जास्त आहे, फोटो पाठवतेय.

श्वाबेनवासी काका, दोन प्रश्न. ३ टक्के मीच कापून भरायचे की आधी त्यांना विचारायचं? आणि सासूबाईंना कुठली खोली द्यावी? उत्तरेची बेडरूम मोठी आहे, लेकीची दक्षिणेची लहान आहे.

श्वाबेनवासी

आधी लिहून विचार: विभागणी कुठे आहे, आणि इमारतीचा वर्षाचा गॅसवापर आणि त्यावरचा कार्बनचा आकार किती. दोन आठवड्यांची तारीख दे. याचं कारण असं की खरी विभागणी ३ टक्क्यांपेक्षा जास्तही निघू शकते. समज, तुमच्या घराच्या वाट्याला १२,५०० युनिट गॅस लागला. त्यातून साधारण सव्वादोन टन कार्बन होतो, म्हणजे चौरस मीटरला ३३ किलोच्या आसपास. त्या पायरीवर निम्मा आकार मालकाचा, ४५ च्या दराने व्हॅटसकट ५५-६० युरो. उत्तर आलं नाही तर ४९ कापून बाकीचे हक्क राखून भर आणि का कापले ते पत्रात लिही. मीटरफेराइनचं (भाडेकरूंच्या संघटनेचं) सदस्यत्व असेल तर पत्र पाठवण्याआधी त्यांना दाखव. नसेल तर फरब्राउखरत्सेंट्रालेचा (ग्राहक सल्ला केंद्राचा) ऊर्जेबद्दलचा फोनवरचा सल्ला फुकट मिळतो.

आईंना दक्षिणेची खोली दे, लहान असली तरी. दिवसा रोलाडेन (खिडकीबाहेरची गुंडाळती झडप) पूर्ण वर, अंधार पडला की खाली. थर्मोस्टॅट साडेतीनवर, म्हणजे २१-२२ अंश, आणि तो कमी करायचा नाही. दिवसभर घरात त्याच असणार. तुम्ही तिघं उत्तरेला झोपा, रात्री तिथे १७ चालतील. मात्र तीन माणसांच्या श्वासाची दमट हवा तिथे साठेल, म्हणून सकाळी पहिली खिडकी त्या खोलीची उघडायची. आणि त्या काळ्या भिंतीचं पत्र आईंचं विमान उतरायच्या आत जाऊ दे, लेक तिथे झोपणार आहे.