व्हिक्टोरियन काळातल्या ऑपेरा गायिका: एवढा पैसा मिळायचा, तर राहायचा कुणाकडे?

आळशी_वाचक:
मंडळी, गेले काही दिवस १९व्या शतकातल्या इंग्लंडवर जे मिळेल ते वाचतोय आणि त्यात वारंवार या ऑपेरा गायिका येतात, जेनी लिंड, ॲडेलिना पॅटी, नेली मेल्बा वगैरे. एकीकडे वाचतो की त्या काळात बाईने नोकरी करणंसुद्धा कमीपणाचं आणि लग्नानंतर तिची कमाई कायद्याने नवऱ्याची. दुसरीकडे या बायका एका रात्रीत एवढी बिदागी घेतात की मॅनेजर लोक रडकुंडीला येतात. हे दोन्ही एकत्र कसं काय जमायचं? आणि दुसरं म्हणजे जेनी लिंडने ऐन भरात, २८व्या वर्षी ऑपेरा सोडला आणि पॅटी मात्र साठी उलटली तरी गातच होती. यात आवाजाचा भाग किती आणि स्वभावाचा किती? मला संगीतातलं फार कळत नाही, त्यामुळे जरा सोप्या भाषेत सांगा, पण गोष्टी असतील तर सगळ्या सांगा 😄

मध्यलय:
छान धागा. लिंडपासून सुरू करतो, कारण तिचं नेहमी 'देवभोळी, साधी, दानशूर' एवढंच सांगतात आणि व्यवहारातली बाई बाजूलाच राहते.

जन्म १८२० स्टॉकहोम. १८३८ मध्ये तिथल्याच रॉयल ऑपेरात पदार्पण, आणि मग इतकं गायली, इतकं गायली की विशीतच गळा खराब झाला. १८४१ ला पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाकडे गेली, त्याने पहिलं काय सांगितलं तर काही आठवडे गाणं पूर्ण बंद. त्यानंतर सगळं पायापासून पुन्हा शिकवलं. (हाच गार्सिया पुढे छोटा आरसा घशात धरून गाताना स्वरयंत्र कसं हलतं ते बघायला लागला. १०१ वर्षं जगला. घराणंच अचाट, मालिब्रान आणि व्हियार्दो या दोन मोठ्या गायिका त्याच्या सख्ख्या बहिणी.)

लंडनला येण्याआधीच तिच्या नावाने कोर्टकचेरी उभी राहिली होती. १८४५ मध्ये ड्रुरी लेन थिएटरच्या बन नावाच्या मॅनेजरबरोबर तिने करार केला, मग तो नकोसा झाला आणि आली ती थेट हर मॅजेस्टीज या दुसऱ्या थिएटरच्या लम्लीकडे. बनने दावा लावला आणि २,५०० पौंड भरपाई मिळवली. ४ मे १८४७ ला ती लंडनमध्ये पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा राणी व्हिक्टोरिया स्वतः प्रेक्षकात होती. त्याच उन्हाळ्यात इटालियन संगीतकार व्हर्दीने लंडनसाठी नवा ऑपेरा लिहिला, 'इ मास्नादिएरी', त्यातली नायिका तीच. आणि दोन वर्षांनी, १० मे १८४९ ला ऑपेराला कायमचा रामराम.

पण गाणं सोडलं नाही हे लक्षात घ्या!! सोडलं ते रंगभूमीवरचं सोंग. नाटकी जग तिला कधी मानवलंच नाही, धार्मिक वृत्ती होती, आणि एकदा गळा जाऊन परत आलेला माणूस तो परत पणाला लावायला कचरणारच. मैफली आणि ऑरेटोरिओ (म्हणजे बायबलमधल्या कथेवरचं मोठं गायन, पोशाख नाही, अभिनय नाही) ती पुढे तीसेक वर्षं गात राहिली.

अमेरिकेचा दौरा तर व्यवहाराचा नमुना आहे. बार्नम, तोच तो सर्कसवाला, त्याने तिला कधी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. ठरलं असं की १५० पर्यंत मैफली, दर मैफलीला १,००० डॉलर. शिवाय सोबतचा संगीतकार ज्युलियस बेनेडिक्ट याचे २५,००० आणि गायक बेलेत्तीचे १२,५००. एकूण झाले १,८७,५०० डॉलर, आणि ही सगळीच्या सगळी रक्कम लंडनच्या बेअरिंग बँकेत आधी भरा, मग मी बोटीत पाय ठेवते, असा हिशोब. बार्नमने कर्ज काढून, मालमत्ता गहाण टाकून भरली. सप्टेंबर १८५० ला न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये पहिली मैफल झाली, तिकिटांचे लिलाव झाले, पहिलं तिकीट एका टोपीवाल्याने २२५ डॉलरला घेतलं आणि त्या जाहिरातीवर धंदा वाढवला. पुढे बार्नमची जाहिरातबाजी अती झाली तेव्हा तिने शंभर मैफली व्हायच्या आतच करार मोडून स्वतःच दौरा चालवला. मिळालेल्या पैशातला मोठा भाग स्वीडनमधल्या शाळांना आणि इतर कामांना दिला. दान केलं हे खरं, पण आधी पैसे मोजून घेतले हेही खरंच की.

सुरवंट:
बार्नमने पैसे आधी भरले त्यावरून पॅटीच्या बुटांची गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेच्या दौऱ्यांवर पॅटीचा दर एका रात्रीला ५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे १,००० पौंड, आणि ते पडदा वर जायच्या आधी हातात. मॅनेजर होता कर्नल मेपलसन, कायम कडका माणूस. बोस्टनला 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा होता. दुपारी पॅटीचा माणूस आला, पैसे द्या. मेपलसनकडे ८०० पौंडच होते. माणूस परत गेला आणि निरोप आणला की बाईसाहेब थिएटरवर येतील, व्हायोलेटाचा (म्हणजे नायिकेचा) पोशाखही घालतील, फक्त बूट घालणार नाहीत, ते उरलेले पैसे आल्यावर. तिकीट खिडकी उघडली, १६० जमले, ते पाठवले, एक बूट चढला. मग शेवटचे ४० पौंड आले तेव्हा दुसरा बूट, आणि बाई हसतमुखाने रंगमंचावर!! ही गोष्ट खुद्द मेपलसननेच आपल्या आठवणीत लिहिली आहे, तेव्हा मीठमसाला त्याचा धरून चाला. पण मला विचाराल तर यात पॅटीचं काही चुकलं नाही. ज्या मॅनेजरचा धंदा कधी बुडेल सांगता येत नाही त्याच्याकडे उधारीवर कोण गाणार? कोरसवाल्यांचे पगार थकायचे, तिचे नाही थकले.

तालमीला येणार नाही ही अटसुद्धा तिच्या करारात असायची. ताकद वाचवायची म्हणून. बाकीच्यांनी तालमी करायच्या आणि ही थेट प्रयोगाला. सोबत गाणाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे.

वकिलीण:
कायद्याच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

इंग्लंडात १८७० च्या कायद्याआधी विवाहित बाईने कमावलेला पैसा कायद्याने नवऱ्याचा, हे बरोबर आहे. १८७० ला स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क मिळाला आणि १८८२ च्या कायद्याने एकूण मालमत्तेवरचा. ज्यांच्या घरचे शहाणे होते ते लग्नाआधीच दस्तऐवज करून पैसा विश्वस्तांच्या नावे बांधून ठेवायचे, पण ते सगळ्यांना जमायचं नाही. आणि घटस्फोट म्हणजे तर महाकर्मकठीण. ज्युलिया ग्रिसी घ्या, व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधीपासून तिची लाडकी गायिका. नवऱ्यापासून वेगळी झाली पण घटस्फोट मिळेना, मग मारिओ नावाच्या गायकाबरोबर लग्नाशिवायच आयुष्य काढलं, मुली झाल्या. एवढ्या कडक म्हणवणाऱ्या समाजाने ते चालवून घेतलं कारण दोघांचं गाणं हवं होतं. पॅटीने १८६८ मध्ये फ्रेंच मार्क्विसशी लग्न केलं, ते मोडलं, रीतसर घटस्फोट व्हायला १८८५ उजाडलं आणि त्यात स्वतः कमावलेल्या संपत्तीचा मोठा वाटा त्या माणसाला द्यावा लागला.

आता माझ्या आवडीचा किस्सा. योहाना वाग्नर, संगीतकार वाग्नरची पुतणी. १८५२ मध्ये लम्लीच्या थिएटरात तीन महिने गायचा करार केला, दुसरीकडे कुठेही गाणार नाही या अटीसह. वाटाघाटी वडिलांनी केल्या. मग कोव्हेंट गार्डन थिएटरचा मॅनेजर गाय (Gye, हे आडनाव) याने जास्त पैसे दाखवले आणि गाडी तिकडे वळली. लम्ली कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं की आम्ही बाईला गायला लावू शकत नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून थांबवू शकतो. परिणाम काय, तर त्या सीझनला ती दोन्हीकडे गायली नाही. हा निकाल कराराच्या कायद्यात अजून शिकवतात, खेळाडू आणि नटांच्या करारांच्या भांडणात अजूनही त्याचं नाव निघतं. आणि लम्लीने गायवर वेगळा दावा लावला तोही प्रसिद्धच, दुसऱ्याचा करार मोडायला फूस लावणं हा दोष होतो, हे त्यातून ठरलं. गंमत म्हणजे १८५६ ला योहाना लंडनला गायली ती लम्लीच्याच थिएटरात.

म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं की पैसा तिच्याकडेच राहावा ही सोय समाजाने केली नव्हती, ती बाईने कागदावर स्वतः करून घ्यायची असायची. जिने नाही केली तिचं कठीण.

खमंग_खवय्या:
पीच मेल्बा हा गोड पदार्थ मेल्बाच्या नावावरून आहे एवढंच माझं ज्ञान. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए नावाच्या शेफने केला. चालू द्या.

मध्यलय:
@खमंग_खवय्या 😂 मेल्बा हे नावच मुळात मेलबर्नवरून घेतलेलं. खरी हेलन मिचेल, बाप मोठा बांधकाम कंत्राटदार. ऑस्ट्रेलियात लग्न केलं, ते काही जमलं नाही, मग पॅरिसला मार्केझीबाईंकडे शिकली (त्या पुन्हा गार्सियाच्याच शिष्या), १८८७ ला ब्रसेल्समध्ये पदार्पण, पुढच्या वर्षी कोव्हेंट गार्डन. नाव बदलणं तेव्हा सर्रास होतं. कोव्हेंट गार्डनला १८९२ पर्यंत अधिकृतपणे 'रॉयल इटालियन ऑपेरा' म्हणायचे आणि गाणं इटालियनमध्येच, मग ऑपेरा मूळ जर्मन असला तरी. १८७५ ला वाग्नरचा 'लोहेनग्रिन' तिथे पहिल्यांदा झाला तोही इटालियनमध्ये, आणि त्यात नायिका एल्सा होती एमा अल्बानी, जी मूळची कॅनडाची लाज्यूनेस.

या अल्बानीबद्दल मला फार वाटतं. कोव्हेंट गार्डनच्या मॅनेजर गायच्या मुलाशीच लग्न, राणीची मैत्रीण, १९०१ ला राणी गेल्यावर विंडसरच्या प्रार्थनेत गायली. आणि म्हातारपणी पैशाची एवढी ओढाताण की सरकारने वर्षाला १०० पौंडांचं पेन्शन दिलं, कॅनडात एका वर्तमानपत्राने वर्गणी गोळा केली, १९२५ ला तिच्या मदतीसाठी कोव्हेंट गार्डनमध्ये कार्यक्रम केला त्यात मेल्बा गायली. 'डेम' किताबही त्याच वर्षी मिळाला. किताबाने घरभाडं भागत नाही म्हणा.

टिटियन्स नावाच्या गायिकेचं तर याहून वाईट. हॅम्बर्गची, १८५८ पासून लंडनलाच राहिली, मेपलसनचा सगळा डोलारा जवळजवळ वीस वर्षं तिच्या गळ्यावर उभा. कॅन्सर झाला तरी मे १८७७ मध्ये 'लुक्रेत्सिया बोर्जा' गायली, वेदनांनी कोसळत होती म्हणतात, ऑक्टोबरात गेली. वय ४६.

सुरवंट:
ॲना बिशप राहिली ना! पॅटी जे 'होम, स्वीट होम' प्रत्येक मैफलीच्या शेवटी गाऊन लोकांना रडवायची (१८६२ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये लिंकन पतीपत्नींसमोरही गायली, त्यांचा मुलगा नुकताच गेला होता), ते गाणं रचलं हेन्री बिशपने. आणि या 'घरासारखं घर नाही' वाल्या बिशपची बायको ॲना १८३९ ला नवरामुलं सोडून बोक्सा नावाच्या हार्पवादकाबरोबर निघून गेली 😀 पण नुसती पळून गेली नाही, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे गायली. १८६६ मध्ये हाँगकाँगला जाताना जहाज वेक बेटावर आपटलं. बेटावर गोडं पाणी नाही. तीन आठवडे तिथे काढले, मग उघड्या नावेतून तेरा दिवसांनी ग्वाम. वय पन्नाशीच्या पुढे. आणि त्यानंतर पुन्हा दौरा चालू!! राणी, राजवाडे, हिरे यांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण या धंद्यातल्या बहुतेक बायकांचं आयुष्य हे असंच होतं, जहाज, रेल्वे, हॉटेल, सर्दी, पुढचं गाव.

आळशी_वाचक:
अरे काय खजिना आहे हा. सगळ्यांचे आभार, विशेषतः वकिलीणताईंचे. पॅटी एवढी वर्षं कशी टिकली ते मात्र राहिलं. आणि यांचं काही ऐकायला मिळतं का?

मध्यलय:
टिकली कारण गळ्याबाहेरचं काही तिने गायलंच नाही. १८५९ ला न्यूयॉर्कमध्ये 'लुचिया'तून आली तेव्हा १६ वर्षांची, १८६१ पासून कोव्हेंट गार्डनला सलग २५ सीझन. मोठ्या ऑर्केस्ट्रावर ओरडून गायचं नाही, तालमीत आवाज घालवायचा नाही, उंच सूर लागेनासे झाले की गाणं खालच्या पट्टीत घ्यायचं. उलट पॅरिसची कॉर्नेली फाल्कों, तिला विशीच्या आतच भलामोठा भार दिला आणि १८३७ मध्ये भर प्रयोगात आवाज गेला, वय २३. त्यामुळे तुमच्या प्रश्नात स्वभावाचा भाग जास्त आहे असं मी म्हणेन. पॅटीला स्वतःला 'नाही' म्हणता येत होतं.

ऐकायला लिंड नाही, ती १८८७ मध्ये गेली. पॅटीची १९०५ च्या डिसेंबरातली ध्वनिमुद्रणं आहेत, ग्रामोफोन कंपनीची माणसं यंत्र घेऊन तिच्या वेल्समधल्या क्रेग-इ-नोस वाड्यावर गेली होती. वय ६२. स्वतःचा आवाज ऐकून ती इतकी खूश झाली की कर्ण्याकडे चुंबनं फेकायला लागली म्हणे. सगळं नेटवर मिळतं. खरखर भरपूर आहे, श्वास तुटतो, वरचे सूर गेलेले आहेत. पहिल्यांदा ऐकून 'हीच का ती' असं वाटेल. मोझार्टचं 'व्होई के सापेते' आधी लावा आणि शब्द कसे फेकते तिकडे लक्ष द्या, सुरांचं नंतर बघू. मेल्बाची १९०४ पासूनची आहेत, ती जास्त स्वच्छ.

वकिलीण:
आत्ताच लावलं. शब्दांचं पटलं. पण मेल्बा ऐकून मला थंडच वाटली, कुणी काही म्हणो.

मध्यलय:
हे तेव्हाचे टीकाकारही म्हणायचे. 'ला बोहेम' ऐका आणि मग भांडायला या.