ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये क्राफ्टिंग फायद्याचे आणि समाधानाचे कसे करता येईल?

ऐरण (प्रश्न)

आम्ही काही जण मोकळ्या वेळात एक छोटा ऑनलाइन मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेम तयार करत आहोत आणि त्यातील अर्थव्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे आहे. चाचणीच्या सर्व्हरवर लढाई, डंजन (शत्रूंनी भरलेली भुयारे) आणि गिल्ड (खेळाडूंचे संघ) यांबद्दल खेळाडूंची फारशी तक्रार नाही. घोडे पेंड खाते ते क्राफ्टिंगपाशी, म्हणजे खेळाडूंनी वस्तू घडवण्यापाशी. लोहारकामाची लेव्हल वाढवण्यासाठी जो तो लोखंडी खंजीर बनवतो, कारण कमीत कमी कच्च्या मालात जास्तीत जास्त एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) त्यातूनच मिळतो, आणि मग तो सगळा ढीग ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या सामाईक बाजारात, ओततो. त्यामुळे तिथे तयार खंजीर हा त्याला लागणाऱ्या लोहखनिजापेक्षाही स्वस्त मिळतो. वरच्या लेव्हलला पोहोचलेल्या लोहाराची अवस्था याहून वाईट आहे: दुर्मीळ साहित्य जमवून त्याची तलवार घडून होईपर्यंत, तिच्याहून सरस तलवार कुठल्यातरी बॉसने (बलाढ्य शत्रूने) मरताना फुकटात टाकलेली असते.

बॉसची लूट कमकुवत केली तर लढणारे नाराज होतात, आणि क्राफ्ट केलेली वस्तू सर्वांत बलवान ठेवली तर ज्याला या कामात रस नाही त्यालाही लोहार व्हावे लागते. नुसते बटण दाबण्याऐवजी एखादा मिनी-गेम घालावा, अशी आमच्यातील एकाची सूचना आहे, पण मूळ दुखणे तिथे आहे असे मला वाटत नाही. ज्यांनी या विषयाचा विचार केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गाळीव_लोखंड

आपण एकत्र मांडलेली ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात खेळाडू खंजीर बनवतच नाही. तो एक्सपी विकत घेतो आणि खंजीर हा त्यातून उरलेला कचरा असतो. त्या कचऱ्याचे जे काही मिळेल तो त्याला नफाच वाटतो, म्हणून वरवर आतबट्ट्याचा दिसणारा हा व्यवहार त्याच्या दृष्टीने पूर्ण शहाणपणाचा आहे. 'रूनस्केप'मध्ये वस्तूचे थेट नाण्यांत रूपांतर करणारा हाय अल्केमी हा मंत्र आहे, त्यामुळे अशा ढिगाला निदान एक तळाची किंमत मिळते. परंतु त्याने नवी नाणी बाजारात येतात आणि महागाईचा प्रश्न दुसऱ्या दाराने आत शिरतो. माझ्या मते एक्सपी नगावर देऊच नये. एखादी वस्तू पहिल्यांदा बनवली, जुनी वस्तू वितळवून साहित्य परत मिळवले किंवा दुसऱ्या खेळाडूची मागणी पूर्ण केली, तर एक्सपी द्यावा.

दुसरे दुखणे अधिक खोल आहे. आपल्या जगात वस्तू निर्माण होतात, पण मरत नाहीत. २००३ साली सुरू झालेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातील गेममध्ये जवळजवळ सर्व जहाजे खेळाडूच बांधतात आणि लढाईत फुटलेले जहाज कायमचे जाते. विम्यातून नुकसानीचा काही भाग तेवढा भरून निघतो. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सूर्यमालेत झालेल्या लढाईत टायटन वर्गाची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. लढणाऱ्यांचे ते नुकसान म्हणजेच बांधणाऱ्यांची पुढची मागणी होती.

मेल्यावर सगळे गमावण्याचा नियम आपल्या खेळाडूंना झेपणार नाही हे मी गृहीत धरतो. तरीही बॉस आणि लोहार यांच्यातील वैर मिटवण्यासाठी 'अल्बियन ऑनलाइन'मधील एक युक्ती अभ्यासण्यासारखी आहे. तिथे ब्लॅक मार्केट नावाचा एक खरेदीदार खेळाडूंनी बनवलेली शस्त्रे आणि चिलखते विकत घेतो, आणि राक्षसांना मारल्यावर पडणारी सामग्री त्याच साठ्यातून येते. म्हणजे बॉसने टाकलेली तलवारसुद्धा कोणा लोहाराचीच असते, आणि तिचे पैसे त्याला आधीच मिळालेले असतात. लढणाऱ्याला लूट मिळाल्याचा आनंद तेवढाच राहतो.

निळा_कंदील

वस्तू नष्ट झाल्या की मागणी येते हे मान्य. पण मागणी आली म्हणून काम समाधानाचे होते, हे मान्य नाही. 'ईव्ह'मधील उत्पादक हा मुख्यतः हिशेबनीस असतो. ब्लूप्रिंटवर (जहाज बांधण्याच्या आराखड्यावर) संशोधन करून तो साहित्याची गरज जास्तीत जास्त १० टक्क्यांनी कमी करू शकतो, आणि ते एकदा झाले की त्याचे जहाज आणि शेजाऱ्याचे जहाज यांत काडीचाही फरक उरत नाही. मग स्पर्धा होते ती फक्त किमतीची. ज्याला आकडेमोड आवडते त्याला तेही पुरेसे असते, पण आपल्या लोहाराला 'ही माझी तलवार आहे' असे म्हणावेसे वाटते, आणि तसे म्हणायला तलवारीत काहीतरी त्याचे असावे लागते.

या बाबतीत २००३ सालच्या 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'च्या जवळपास फार थोडे गेम गेले आहेत. तिथे 'लोखंड' अशी एकच एक वस्तू नव्हती. प्रत्येक खनिजाचा साठा वेगळ्या नावाने ठरावीक ग्रहावर अवतरायचा, काही दिवस टिकायचा आणि नाहीसा व्हायचा. एकूण दर्जा, विद्युतवाहकता, घडणक्षमता अशा गुणांचे आकडे प्रत्येक साठ्यात निराळे असायचे आणि त्यांची कमाल मर्यादा १००० च्या घरात होती. एका रेसिपीत (वस्तू बनवण्याच्या कृतीत) वाहकतेला महत्त्व, तर दुसरीत ती निरुपयोगी. त्यामुळे चांगला शस्त्रकार आधी सर्वेक्षण करत हिंडायचा, उत्तम साठा सापडला की तिथे खाणयंत्रे उभारायचा, माल कोठारात राखून ठेवायचा, आणि मग एकेका नमुन्यावर प्रयोग करताना शस्त्राने शत्रूचे होणारे नुकसान वाढवावे की त्याचा वेग, हे स्वतः ठरवायचा. तो नमुना पसंत पडला की कारखान्यातून त्याच्या हुबेहूब प्रती निघायच्या. दोन शस्त्रकारांच्या एकाच प्रकारच्या बंदुका सारख्या नसत, म्हणून ग्राहक अमुक एकाच्याच दुकानाचा पत्ता विचारत वाट वाकडी करून जायचे.

यात लेव्हलपेक्षा माहिती आणि धीर यांना मोल होते, आणि ते आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मी समजतो. शिवाय दुकान खेळाडूचे स्वतःचे होते हेही विसरू नये. सर्वांचा माल एकाच यादीत किमतीच्या चढत्या क्रमाने लावणारे ऑक्शन हाऊस सोयीचे खरे, पण कारागिराचे नाव पुसून टाकण्याचे त्याच्याइतके प्रभावी साधन दुसरे नाही. १९९७ सालच्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्येही उत्कृष्ट वस्तूवर बनवणाऱ्याचे नाव उमटवता येई. इतकी स्वस्त सुविधा आज अनेक गेम का देत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तिसरा_पहारा

मिनी-गेमबद्दल थोडे लिहितो, कारण वर त्याकडे कोणी पाहिलेले नाही. 'फायनल फँटसी १४'मध्ये क्राफ्टिंग हीच एक लढाई आहे: आठ स्वतंत्र व्यवसाय, त्यांची स्वतःची अवजारे आणि पोशाख, आणि प्रत्येक वस्तू बनवताना तिचा टिकाऊपणा संपण्याआधी काम पूर्ण करून दर्जा शक्य तितका वर न्यायचा. पहिल्यांदा हे खरोखर रंगते. मात्र योग्य क्रम एकदा सापडला की खेळाडू तो मॅक्रोमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) भरतात आणि वस्तू बनत असताना दुसरीकडे पाहतात. तसे होऊ नये म्हणून २०२० साली इशगार्ड या गेममधील नगराच्या पुनर्बांधणीत 'एक्सपर्ट' रेसिपी आल्या. त्यांत कामाची परिस्थिती टप्प्याटप्प्याला अनपेक्षितपणे बदलते आणि ठरीव मॅक्रो कुचकामी ठरतो. थोडक्या, महत्त्वाच्या वस्तूंसाठी हा मार्ग उत्तम आहे. तीच कसरत प्रत्येक खिळ्यासाठी करायला लावली तर नव्याचे नऊ दिवस सरताच लोक कंटाळतील.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने नोव्हेंबर २०२२ मधील 'ड्रॅगनफ्लाइट' या विस्तार-आवृत्तीपासून क्राफ्टिंग ऑर्डर आणल्या. ग्राहक साहित्य देतो, दुसऱ्याला देता न येणारे साहित्यसुद्धा ऑर्डरसोबत लावता येते, आणि कारागीर मोबदला घेऊन वस्तू घडवतो. स्पेशलायझेशनमुळे, म्हणजे ठरावीक शाखेतच प्रावीण्य मिळवण्याच्या पद्धतीमुळे, प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीत लगेच पारंगत होऊ शकत नाही, ही त्यातील मोलाची बाजू. अडचण अशी झाली की सार्वजनिक ऑर्डरमध्ये किमान दर्जाची अट घालता येत नव्हती, त्यामुळे उत्तम वस्तू हवी असलेल्यांनी चॅटमध्ये कारागीर शोधून थेट त्याच्या नावे ऑर्डर देणे पसंत केले. ऑर्डरची पद्धत घ्यायची असेल, तर दर्जाची अट पहिल्या दिवसापासून ठेवावी.

ऐरण

सर्वांचे आभार. बदलत्या खनिजांची कल्पना मला फार पटली आहे, परंतु आमच्याकडे खेळाडू थोडे आहेत. पहिल्याच महिन्यात कोणी उत्तम साठा भरून ठेवला, तर नंतर येणाऱ्यांना त्याची बरोबरी कधीच करता येणार नाही, अशी भीती वाटते. यावर काही उपाय आहे का?

गाळीव_लोखंड

भीती रास्त आहे. 'अल्टिमा ऑनलाइन'ने आरंभी जगातील एकूण साधनसंपत्ती मर्यादित ठेवून ती फिरती ठेवण्याचा प्रयोग केला होता, आणि खेळाडूंच्या साठेबाजीमुळेच तो बारगळला. आपण साधनांचा एकूण साठा मर्यादित करू नये. फक्त त्यांचे गुण बदलते ठेवावेत. गुणांची कमाल मर्यादा सुरुवातीपासून निश्चित असावी, म्हणजे आज सापडलेल्या उत्तम साठ्याइतका चांगला साठा पुढेही केव्हातरी येईल. त्याच्या जोडीला दुरुस्तीचा नियम लावावा: प्रत्येक दुरुस्तीत वस्तूचा कमाल टिकाऊपणा थोडा घटावा आणि ती घट किती होईल हे दुरुस्त करणाऱ्याच्या कौशल्यावर ठरावे. तलवार एकाएकी जात नाही, त्यामुळे मालक चिडत नाही. नवशिक्या लोहाराला दुरुस्तीचे रोजचे काम मिळते, आणि साठा करून बसलेल्याचे कोठारही हळूहळू रिकामे होते.

निळा_कंदील

यात एकच भर घालतो. साठा ठेवणाऱ्याकडे शत्रू म्हणून पाहू नका. जुने दुर्मीळ खनिज बाळगून असलेला माणूस हा छोट्या सर्व्हरवर व्यापाराला निमित्त देतो. धोका आहे तो एकाच खनिजाला सर्व रेसिपींत वरचढ ठरवण्यात. खंजिराला लवचिकता, ढालीला घनता आणि कुऱ्हाडीला कणखरपणा लागत असेल, तर एका साठ्यावर कोणालाही राज्य करता येणार नाही. हे तक्ते आखताना, दोन गुण एकाच खनिजात एकाच वेळी उच्च येण्याची शक्यता किती ठेवली आहे, ते आधी तपासून घ्यावे.