रिपेअरनंतर रीडिंग आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय सही करायची नाही, पटतंय का?

बायोमेड_मिरज
मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनियर आहे. मला बंद पडलेल्या मशीनपेक्षा "रिपेअर" होऊन आलेल्या मशीनची जास्त धास्ती वाटते, कारण बंद मशीन निदान कोणी पेशंटला लावत नाही. मध्यंतरी बाहेरच्या एजन्सीने आयसीयूतले सिरिंज पंप (औषध ठरलेल्या वेगाने हळूहळू सोडणारे) कॅलिब्रेट केले, म्हणजे आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवले, सगळ्यांवर स्टिकर लागले, सर्टिफिकेटची फाईल आली. एका पंपाच्या सर्टिफिकेटवर जी तारीख आणि वेळ होती त्या वेळी तो पंप नॉरॲड्रेनलिन (बीपी टिकवायचं औषध) लावून पेशंटच्या उशाशी चालू होता, नर्सिंग चार्टवर तासातासाची नोंद आहे. म्हणजे पंप जागचा हललाच नाही आणि कागदावर पास झाला! मग तो काढून ताशी १० मिलीवर लावला, मापाच्या सिलिंडरमध्ये तासभर सोडला, तर साडेआठच्या आसपासच भरलं. अशा पंपावर डोस बसवलेला असतो आणि मधेच पंप बदलावा लागला की तोच रेट लावूनसुद्धा पेशंटचं बीपी उड्या मारायला लागतं, डॉक्टर औषधात कारण शोधत बसतात.
माझं म्हणणं सरळ आहे. रिपोर्टवर नुसतं "वर्किंग ओके" चालणार नाही, किती लावलं आणि किती आलं ते आकड्यात हवं, जुना पार्ट आमच्याकडे राहील, आणि तोवर बिल पास करायचं नाही. कंपनीचा माणूस असो की लोकल.

तालुक्याचा_सर्जन
साहेब, तुमच्याकडे डिपार्टमेंट आहे म्हणून हे जमतं. माझं वीस बेडचं नर्सिंग होम आहे, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन) बंद पडला की दुसऱ्या दिवशीची ऑपरेशन्स रद्द. कंपनीचा इंजिनियर पुण्याहून येणार, व्हिजिट चार्ज वेगळा, आणि लोकल माणूस रात्री अकराला फोन केला तरी गॅस्केट घेऊन हजर. त्याला मी बिल अडवून धरतो म्हटलं तर पुढच्या वेळी फोन उचलणार नाही. आणि लबाडी लोकलच करतात असं नाही, मॉनिटरचा बोर्ड गेला म्हणून मला लाखाच्या वरचं कोटेशन आलं होतं, लोकल पोराने उघडला तर पॉवर सप्लायमधला एक कपॅसिटर फुगलेला. काही शे रुपयांत काम झालं, मॉनिटर आजही चालू आहे.

सर्विसवाला
मी कंपनीकडून फील्डवर फिरतो, दोघांनाही बोलतो. डॉक्टर, कपॅसिटर बदलून मॉनिटर चालू झाला हे खरं, पण त्यानंतर लीकेज करंट (मशीनमधून पेशंटकडे झिरपणारी वीज) कोणी मोजला का? पॉवर सप्लाय उघडला की ते मोजावंच लागतं, ईसीजीच्या वायरी थेट पेशंटच्या छातीवर असतात. लोकल रिपेअरची डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) पण बघितलीय, बॅटरी पॅकमध्ये बाहेरचे सेल भरलेले, स्क्रीनवर फुल दाखवतं, पहिला शॉक नीट जातो आणि दुसऱ्याला चार्जच होत नाही. तिथे माणूस जातो हो.
आणि मिरजकर, जुना पार्ट ठेवून घेणार म्हणता ते जमणार नाही. बोर्ड एक्स्चेंजवर (जुना देऊन नवा) असतात, जुना फॅक्टरीत परत जातो म्हणूनच रेट कमी लागतो. ठेवायचा असेल तर पूर्ण किंमत भरा.

एसएनसीयू_सिस्टर
सगळे बिलाचं बोलताय, सही कोण करतं ते बघा. रिपेअर झालं की माणूस ड्युटीवरच्या सिस्टरकडे येतो, "मॅडम सही करा, गाडी पकडायचीय". आम्हाला काय कळणार आत काय बदललं? आमच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांचा विभाग) बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा स्किन प्रोब (अंगाला लावायचा तापमानाचा सेन्सर) बदलून गेले होते, स्क्रीनवर ३६.५ आणि बाळाला हात लावला तर अंग तापलेलं. काखेत थर्मामीटर लावून बघितलं म्हणून कळलं. प्रोब कमी दाखवत होता आणि मशीन हीटर वाढवत होतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला आग लागून १० बाळं गेली, तेव्हापासून जरा जळका वास आला तरी छातीत धस्स होतं. नियम करा पण तो वॉर्डच्या गळ्यात मारू नका.

सरकारी_स्टोअर
सिव्हिलचं वेगळंच दुखणं आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) प्रोग्रॅममध्ये मेंटेनन्स एजन्सीकडे दिला, जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के अपटाइम (मशीन चालू असल्याचा वेळ) हवा, ग्रामीणला ९०, पीएचसीला ८०. दंड बंद मशीनवर बसतो, म्हणून कॉल क्लोज करायची घाई. मशीन चालू आहे हे बघितलं जातं, बरोबर चालतंय का हे विचारायला कोणी येत नाही.

बायोमेड_मिरज
सिस्टर, १०० टक्के मान्य, वॉर्डची सही फक्त "मशीन मिळालं" एवढीच, टेक्निकल सही दुसऱ्याची. सर्विसवाले, एक्स्चेंजचं पटलं, मग जुन्या-नव्या दोन्ही बोर्डांचे सीरियल नंबर फोटोसकट रिपोर्टवर द्या. पण लीकेज फक्त लोकलनेच मोजायचा का? आयईसी ६२३५३ मध्ये (मेडिकल मशीनच्या सेफ्टी टेस्टचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) रिपेअरनंतरची टेस्ट सगळ्यांना सारखी आहे, आणि कंपनीच्या किती रिपोर्टवर तो आकडा असतो ते तुम्हालाच माहीत. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये बाहेरच्या सर्विसिंगचा अभ्यास केला, त्यातसुद्धा त्यामुळे मोठ्या प्रमाणावर धोका आहे असं ठरवण्याइतका पुरावा नाही असंच निघालं. सर्विस मॅन्युअल आणि पासवर्ड दाबून ठेवायचे आणि वर लोकलला अडाणी म्हणायचं हे चुकीचं आहे.

सर्विसवाला
पासवर्ड माझ्या हातात नाही. लीकेजचा आकडा मी लिहितो, सगळे लिहीत नाहीत हे मान्य.

तालुक्याचा_सर्जन
बिल अडवायचं मला अजूनही पटलेलं नाही, गावात माणूस टिकवावा लागतो. पण सिलिंडर आणि घड्याळ माझ्याकडेही आहे, पंप मी स्वतः तपासीन. लीकेज मोजायचा सेफ्टी ॲनालायझर एकट्याला परवडत नाही, आमच्या भागातल्या पाच-सहा नर्सिंग होमनी मिळून घेतला तर तो वर्षाला कॅलिब्रेट कुठून करायचा आणि साधारण खर्च किती, कोणी केलंय का असं?