शब्दचर्चा: कामावरच्या अपघाताची ‘भरपाई’, ‘मोबदला’ की ‘सानुग्रह मदत’?

तळटीप
कामगारांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचा मसुदा तपासतो आहे. कामावर अपघात झाला की मिळणाऱ्या रकमेला एका पानावर ‘नुकसानभरपाई’, दुसऱ्यावर ‘मोबदला’ आणि तिसऱ्यावर ‘सानुग्रह मदत’ म्हटलंय. पुढे ‘अर्धमासिक प्रदान’ आणि ‘तर्जनीचे दोन अस्थिखंड’ असेही शब्द आहेत. काय ठेवावं, काय काढावं?

खर्डेनवीस
‘सानुग्रह’ सगळ्यात आधी काढा. सानुग्रह म्हणजे देणाऱ्याची मर्जी. महापालिका दिवाळीला देते ते सानुग्रह अनुदान. अपघाताची रक्कम हा हक्क आहे. 1923 च्या भरपाई कायद्यात (तो विषय आता संहितेत गेला आहे, ते शेवटी सांगतो) मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं पुरतं.

हा शब्द व्हाउचरवर कसा येतो तेही पुस्तिकेत लिहा. कामगार दगावला की तेराव्याच्या आत घरी पाकीट जातं आणि ‘सानुग्रह मदत मिळाली, यापुढे काही येणे नाही’ यावर अंगठा घेतला जातो. याच कायद्याच्या कलम 8 प्रमाणे मृत्यूची भरपाई भरपाई-आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर घरी दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अवलंबितांना आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या वेतनाइतकी दिली असेल तर तेवढीच वजा होते. हक्क सोडल्याचा करारही कलम 17 खाली रद्दबातल. पण तो कागद खरा समजून घरचे गप्प बसतात आणि अर्जाची दोन वर्षांची मुदत उलटते. उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तर आयुक्त अर्ज घेऊ शकतात, पण त्या भरवशावर राहू नये.

‘मोबदला’ जमिनीचा किंवा केलेल्या कामाचा असतो. हाताचा मोबदला म्हटलं की हात विकल्यासारखं वाटतं. ‘नुकसानभरपाई’ किंवा नुसतं ‘भरपाई’ ठेवा, पण सगळीकडे एकच.

सानेगुंता
‘आयुक्त’ शब्दाला एक ओळ जोडा, नाहीतर लोक महापालिकेत जाऊन उभे राहतील. हे भरपाई आयुक्त म्हणजे कुठे कामगार न्यायालयाचे, कुठे दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश.

पेरेपेरे
‘अस्थिखंड’ कशाला? ‘पेर’ हा चोख शब्द आहे आणि इथे पेरापेरावर पैसे ठरतात. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे इजांच्या यादीत, अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलं तर 14 टक्के, दोन पेरं गेली तर 11, एक पेर गेलं तर 9. अख्खा अंगठा 30, एका हाताची चारही बोटं 50.

हिशोब असा: कायम पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा). वेतन 15,000 (जानेवारी 2020 पासून हिशोबात धरायची कमाल मर्यादा हीच), वय 30, गुणांक 207.98. म्हणजे 9,000 × 207.98 = 18,71,820. त्याचे 14 टक्के सुमारे 2,62,055. पॉवर प्रेसवर बोट गेलं आणि दाखल्यात नुसतं ‘उजव्या हाताच्या बोटाला इजा’ असं लिहिलं, तर यातलं काहीच मांडता येत नाही. कोणतं बोट, कितवं पेर, हाड गेलं की नुसतं टोक, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

मृत्यूला 60 च्या जागी 50 टक्के. याच वयाला, याच वेतनावर 15,59,850.

खर्डेनवीस
पेरेपेरे, यात एक भर. त्या टक्क्यांना ‘अपंगत्वाचे टक्के’ म्हणू नका. ते ‘कमाईची ताकद किती घटली’ याचे टक्के आहेत. सत्तरच्या दशकातल्या एका प्रकरणात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. अनुसूचीने 70 टक्के होत होते, पण एका हाताने सुतारकी होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 100 टक्के कायम ठेवले. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला वेगळ्या मापाचा असतो. तो आकडा जसाच्या तसा अर्जात उतरवला की दावा हलका होतो.

तळटीप
आणि ‘अर्धमासिक प्रदान’?

पेरेपेरे
‘पंधरवडी भरपाई’. तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. 12,000 वेतनाला 3,000. पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत; दुखणं 28 दिवस किंवा त्याहून जास्त चाललं तर तेही धरले जातात.

सानेगुंता
मसुद्यात ‘वारस’ आहे का? असेल तर ‘अवलंबित’ करा. कमावता, धडधाकट मोठा मुलगा वारस आहे, पण या कायद्याने अवलंबित नाही. विधवा, अज्ञान (अठरा वर्षांखालचा) मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई यांना अवलंबून होतो हे दाखवावं लागत नाही. वडिलांना दाखवावं लागतं. वारस दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालत बसू नका. रकमेची वाटणी आयुक्त करतात.

आणि ज्याच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्याला हा रस्ता बंद. त्याचा दावा ईएसआयकडे. ही ओळ पहिल्याच पानावर हवी.

खर्डेनवीस
आता कायद्याचं नाव. 2010 पासून ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आलं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गेला; वर दिलेले कलमांचे आकडे जुन्या कायद्याचे आहेत. संहितेत घर ते काम या ये-जा करतानाचा अपघातही येतो, कामाशी वेळ-जागेचा संबंध दाखवता आला तर. जुन्या कायद्याखालीही जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केलं. मराठवाड्यातल्या साखर कारखान्याचा रखवालदार पाळीवर जाताना वाटेत दगावला होता. तेव्हा मसुद्यातलं ‘कामाच्या ठिकाणी झालेला अपघात’ बदलून ‘कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेला अपघात’ करा.